मोटारसायकलच्या रेडिएटरमध्ये काय घालावे?



या पानावर आपण नेहमी बेणे, लावण, खोडवा, खत आणि पाणी यांविषयी बोलतो. या खेपेसही पाण्याविषयीच बोलायचे आहे, पण ते उसाच्या सरीतले नव्हे, तर मोटारसायकलच्या रेडिएटरमधले. शेतकी खात्याच्या माणसाला हे काय सुचले, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण आधी सांगतो.

ऊस नोंदीसाठी वस्त्या-वस्त्यांवर फिरताना अलीकडे पुढे रेडिएटर बसवलेल्या मोटारसायकली बऱ्याच दिसतात. यामाहाची आर-१५ आपल्या देशात २००८ साली आली, चाकणला तयार होणारी केटीएमची ड्यूक २०० आणि बजाजची पल्सर २०० एनएस २०१२ साली आल्या, आणि २०२३ साली रॉयल एनफिल्डनेही हिमालयन ४५० ही पाण्याने थंड होणारी गाडी काढली. उसाचे बिल जमा झाले की मुलगा हट्ट धरतो आणि अशी गाडी दारात येते. गाडी नवी, पण सवय जुनी. तापली की बादलीभर पाणी ओतायचे. ही सवय मलाच एकदा फार महाग पडली, म्हणून हे लिहायला घेतले.

माझ्यावर बेतलेली गोष्ट

एका गळीत हंगामात भर दुपारी मी तोडीवर चाललो होतो. पुढे उसाच्या बैलगाड्या, त्यांच्या पुढे ट्रॅक्टर-ट्रॉल्या. पाऊण तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडलो. काट्यावर लाल दिवा लागला आणि टाकीखालून वाफ येऊ लागली. जवळच्या एका गॅरेजमध्ये ढकलत नेली. तिथल्या पोराने रेडिएटर गार होऊ दिला आणि नळाची पाइप लावून भरून दिला. "काय नाय साहेब, पाणीच कमी झालतं," म्हणाला. मीही मान डोलावली आणि विसरून गेलो.

सहा महिने गाडी चालली. मग दर आठ दिवसांनी तापायला लागली. शेवटी हेड गॅस्केट गेले. इंजिन उघडल्यावर मिस्त्रीने रेडिएटरची नळी दाखवली. आत पांढरी-तांबूस खपली, जशी घरातल्या पाणी तापवायच्या बंबात धरते तशी. वॉटर पंपाच्या पात्यांना खड्डे पडलेले. रेडिएटर, पंपाचे सील, गॅस्केट, मजुरी हा सगळा खर्च एकरभर लावणीच्या बेण्याइतका झाला. चूक गॅरेजच्या पोराची होती, पण त्याहून जास्त माझी. कारखान्यात पाण्याचा काय काटेकोरपणा चालतो हे मी रोज पाहतो, आणि स्वतःच्या गाडीला मात्र मिळेल ते पाणी घातले.

आधी आपली गाडी ओळखावी

आपल्यातल्या बहुतेकांच्या रोजच्या गाड्या हवेने थंड होतात. इंजिनाला ज्या पाकळ्या असतात, त्यांतून वारा जाऊन इंजिन थंड होते. अशा गाडीला कूलंट लागत नाही. पाकळ्यांत अडकलेला चिखल आणि पाचटाचा भुगा काढत राहावा, एवढेच काम.

काही गाड्यांना पुढे लहान रेडिएटरसारखा दिसणारा ऑइल कूलर असतो. त्यातून इंजिनाचे तेलच फिरते. त्यात चुकूनही पाणी किंवा कूलंट घालू नये. रेडिएटरला वर दाबाचे झाकण असते, आणि बाजूला कमी-जास्तीच्या दोन खुणा असलेला प्लास्टिकचा डबा असतो. हे दोन्ही दिसले तर पुढचे वाचावे. शंका असल्यास गाडीबरोबर मिळालेले पुस्तक काढावे. ते पुस्तक बहुतेकांच्या घरी प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच आलेले नसते.

विहिरीचे पाणी का चालत नाही?

पेट्रोल जळून जी शक्ती निघते, तिचा ढोबळमानाने पाव हिस्साच चाकाला मिळतो. बाकीची उष्णता होते. त्यातली काही धुराबरोबर जाते आणि बरीचशी सिलिंडरभोवती फिरणाऱ्या पाण्यातून रेडिएटरकडे येते. रेडिएटरच्या नळ्या अगदी पातळ असतात. त्यांत कागदाइतकी खपली धरली तरी उष्णता बाहेर पडायला अडते.

आपल्याकडच्या विहिरी आणि बोअरच्या पाण्यात चुना व मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. पाणी तापले की ते क्षार सुटे होऊन गरम भागावर बसतात. शिवाय पाण्यातल्या क्लोराइडमुळे ॲल्युमिनियम पोखरले जाते. क्षारपड जमिनीतल्या विहिरीचे पाणी उसाला मानवत नाही हे आपल्याला पटते. मग इंजिनाला ते कसे मानवेल?

कारखान्यातलेच उदाहरण घ्या. बॉयलरला आपण कच्चे पाणी कधी देत नाही. आधी त्यातले क्षार काढतो, मगच ते आत सोडतो. रस आटवण्याच्या भांड्यांच्या नळ्यांत खपली धरली की वाफ जास्त लागते आणि गाळप मंदावते, म्हणून ठरावीक दिवसांनी काम थांबवून नळ्या साफ कराव्या लागतात. मोटारसायकलच्या रेडिएटरची गोष्ट हीच आहे, फक्त आकार लहान.

इथे एक इशारा देऊन ठेवतो. कारखान्यात भांडी साफ करायला कॉस्टिक सोडा वापरतात, हे पाहून कोणी घरी रेडिएटरमध्ये कॉस्टिक किंवा धुण्याचा सोडा घालेल. तसे अजिबात करू नये. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खाऊन टाकतो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. ॲसिडचेही तेच. मोटारसायकलच्या रेडिएटरला डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे बॅटरीत घालतात ते पाणी, एवढेच धुण्यासाठी पुरे. घरच्या फिल्टरचे आर.ओ. पाणी त्याच्या बरोबरीचे नव्हे, कारण त्यात थोडे क्षार राहतात.

कूलंट म्हणजे नेमके काय?

कूलंटमध्ये मुख्यतः तीन गोष्टी असतात : क्षारविरहित पाणी, ग्लायकॉल आणि गंज रोखणारी औषधे. ग्लायकॉल बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते, काही वेळा प्रॉपिलीन ग्लायकॉल.

आपणा ऊस उत्पादकांना ऐकून बरे वाटेल की एथिलीन ग्लायकॉल मळीपासूनही तयार होते. मळीचे अल्कोहोल, अल्कोहोलपासून एथिलीन, त्यापासून एथिलीन ऑक्साइड आणि त्यात पाणी मिळून ग्लायकॉल, असा तो मार्ग आहे. उत्तराखंडातील काशीपूर येथे इंडिया ग्लायकॉल्स या कंपनीने मळीच्या अल्कोहोलपासून ग्लायकॉल बनवले आहे. बाकी जगात ते बहुतेक खनिज तेल आणि वायूपासून बनते.

एक गैरसमज मात्र काढून टाकू. कूलंट घातले म्हणजे इंजिन पाण्यापेक्षा जास्त थंड राहते, असे नाही. उष्णता वाहून नेण्यात नुसते पाणीच सरस आहे. कूलंटचे काम वेगळे. एक, ते गंज आणि खपली रोखते. दोन, ते उशिरा उकळते. निम्मे पाणी आणि निम्मे एथिलीन ग्लायकॉल असे मिश्रण साध्या हवेच्या दाबाला सुमारे १०७ अंशांना उकळते, त्यावर रेडिएटरच्या झाकणाचा दाब आला की आणखी वर. तीन, ते थंडीत गोठत नाही. तेच मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत टिकते.

"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?" असे विचाराल. पण आपली पोरे आता मोटारसायकलवर लेह-लडाखला जाऊन येतात. तिथे रात्री पाणी गोठले तर ते फुगून रेडिएटर आणि इंजिनही फोडू शकते. आणि पाच हजार मीटर उंचीच्या घाटात उघड्या भांड्यातले पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळते. नुसत्या पाण्यावर गेलेल्या गाडीला तिथे दोन्हीकडून धोका.

रंगावर जाऊ नये

दुकानात हिरवे, निळे, गुलाबी, नारिंगी असे कूलंट मिळते. "आधी हिरवं होतं, मग हिरवंच द्या," असे आपण सांगतो. रंग हा फक्त कंपनीने घातलेला असतो. त्याला सगळ्यांचा मिळून ठरलेला नियम नाही. एकाच रंगाच्या दोन बाटल्यांत वेगवेगळी औषधे असू शकतात. बेण्याच्या कांडीचा रंग पाहून जात ठरवली तर कशी फसगत होते, तशीच ही गोष्ट.

पाहायचे ते असे :

१) गाडीच्या पुस्तकात कोणते कूलंट सांगितले आहे ते वाचावे. तेच मिळाले तर सर्वांत उत्तम.

२) बाटलीवर ॲल्युमिनियमच्या इंजिनाला योग्य असल्याचा उल्लेख असावा. मोटारसायकलचे इंजिन आणि रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचेच असतात.

३) जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट असते. ते ॲल्युमिनियमवर लवकर थर धरते, पण लवकर संपतेही, आणि त्याची कचकच वॉटर पंपाच्या सीलला त्रास देते. म्हणून बऱ्याच मोटारसायकल कंपन्या सिलिकेट नसलेले कूलंट मागतात. सेंद्रिय आम्लांवर आधारलेले, ज्याला 'ओ.ए.टी.' म्हणतात, ते जास्त काळ टिकते.

४) बाटलीवर प्रमाणाचा क्रमांक असावा. भारतीय मानक आय.एस. ५७५९, जपानचे जे.आय.एस. के २२३४, अमेरिकेचे ए.एस.टी.एम. डी ३३०६ यांपैकी काही तरी छापलेले असते. नुसते 'रेडिएटर कूल' असे नाव आणि मागे काहीच माहिती नाही, अशी बाटली घेऊ नये. तिच्यात रंगीत पाणीही असू शकते.

५) दोन वेगळ्या जातींचे कूलंट एकत्र करू नये. औषधांची आपसात गडबड होऊन त्यांचा जोर जातो, कधी गाळही बसतो. वाटेत पातळी कमी झाली आणि तेच कूलंट मिळाले नाही, तर डिस्टिल्ड वॉटर घालून घरी यावे. अगदीच अडले तर पिण्याचे स्वच्छ पाणी घालावे, इंजिन जाळू नये. पण मग आठवडाभरात सगळे काढून धुवावे. माझी चूक झाली ती याच ठिकाणी.

तयार की घट्ट?

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक, पाणी मिसळलेले तयार. दुसरे, घट्ट, ज्यात आपण पाणी मिसळायचे. घट्ट कूलंट तसेच ओतले तर काम बिघडते. शुद्ध एथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांनाच गोठते आणि उष्णताही कमी वाहून नेते. फवारणीचे औषध पाण्याशिवाय मारत नाहीत, तसेच हे. प्रमाण बाटलीवर वाचावे. बहुधा निम्मे-निम्मे असते.

धुतल्यानंतर थोडे पाणी इंजिनातच राहते. त्याचा हिशेब बहुतेक जण करत नाहीत. समजा पुस्तकात क्षमता १२०० मिली लिहिली आहे. धुण्याचे पाणी काढून मोजले तर ९०० मिली निघाले. म्हणजे ३०० मिली आतच आहे. त्यावर तयार कूलंट ९०० मिली ओतले, तर ग्लायकॉल निघाले ४५० मिली, आणि एकूण १२०० मिलीत त्याचे प्रमाण साडेसदतीस टक्के झाले. निम्मे हवे होते, ते राहिले नाही. गंज रोखणारी औषधेही त्याच मानाने पातळ झाली.

यावर दोन उपाय. घट्ट कूलंट ६०० मिली घेऊन त्यात ३०० मिली डिस्टिल्ड वॉटर मिसळावे आणि ते ९०० मिली ओतावे. आतल्या ३०० मिली पाण्याशी मिळून बरोबर निम्मे-निम्मे होते. किंवा तयार कूलंटच वापरायचे असेल, तर शेवटची धुलाई त्याच कूलंटने करून ते काढून टाकावे आणि मग नवे भरावे.

उसाचा ब्रिक्स पाहायला आमच्याकडे जो हातातला रिफ्रॅक्टोमीटर असतो, तसाच ग्लायकॉलचे प्रमाण पाहण्याचाही मिळतो. चांगल्या गॅरेजमध्ये तो असतो. दोन थेंबांत कळते. मात्र त्याची मोजपट्टी वेगळी असते. ब्रिक्सचा घेऊन जाऊ नये.

धुण्याची रीत

१) इंजिन पूर्ण गार असावे. शक्यतो सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे काम करावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतल्या पाण्यावर दाब असतो, म्हणून ते १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवताच दाब सुटतो आणि पाण्याची वाफ होऊन तोंडावर उसळते. शिट्टी न काढता कुकर उघडण्यासारखेच हे आहे.

२) खाली पसरट डबा ठेवावा. वॉटर पंपाजवळचा निचऱ्याचा बोल्ट काढावा, मग झाकण हळू उघडावे. बाजूच्या डब्यातलेही कूलंट काढावे. तिथला गाळ नव्या कूलंटमध्ये जाऊ देऊ नये.

३) निघालेले कूलंट पाहावे. तांबूस असेल तर गंज आहे. वर तेलाचा तवंग असेल, किंवा इंजिनाचे तेल दुधासारखे दिसत असेल, तर गॅस्केटचा संशय आहे. अशा वेळी धुणे थांबवून मिस्त्रीकडे जावे.

४) बोल्ट लावून डिस्टिल्ड वॉटर भरावे. झाकण लावून इंजिन चालू करावे आणि पंखा लागेपर्यंत चालू द्यावे. इंजिन तापल्याशिवाय थर्मोस्टॅट उघडत नाही आणि पाणी रेडिएटरमधून फिरत नाही. पंख्यापासून बोटे आणि उपरण्याचे टोक लांब ठेवावे.

५) इंजिन पुन्हा पूर्ण गार होऊ द्यावे, मग पाणी काढावे. स्वच्छ पाणी येईपर्यंत दोन-तीन वेळा हेच करावे. घाई करू नये. गरम इंजिनात गार पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो.

६) निचऱ्याच्या बोल्टची वॉशर नवी घालावी. बोल्ट ताकदीने पिळू नये, ॲल्युमिनियमचे आटे लगेच जातात.

७) कूलंट बारीक धारेने भरावे. गाडी दोन्ही बाजूंना थोडी कलती करून हवा निघू द्यावी. हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो पुस्तकात दाखवलेला असतो. झाकण न लावता दोन-तीन मिनिटे इंजिन चालवावे, बुडबुडे थांबले आणि पातळी उतरली की भर घालून झाकण लावावे. हवा अडकून राहिली तर कूलंट भरलेले असूनही इंजिन तापते.

८) बाजूचा डबा दोन खुणांच्या मध्ये भरावा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना पातळी पुन्हा पाहावी.

रेडिएटर बाहेरूनही धुवावा. आमच्या भागात पाचटाचा भुगा, बगॅसची भुकटी आणि चिखल जाळीत बसतात. धुण्याच्या मशीनची जोरदार धार मारू नये, पाकळ्या वाकतात. साध्या नळाच्या पाण्याने, शक्यतो इंजिनाच्या बाजूने बाहेर, धुवावे. बाहेरून मात्र विहिरीचे पाणी चालते.

गोड विष

सर्वांत महत्त्वाचे शेवटी सांगतो. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आहे आणि ते विष आहे. शरीरात गेल्यावर यकृतात त्याची आम्ले होतात, त्यांचे खडे मूत्रपिंडात साचतात आणि लघवी बंद होते. दहा किलो वजनाच्या कुत्र्याला सुमारे ५० मिली शुद्ध ग्लायकॉल, म्हणजे चहाचा अर्धा कप, मारायला पुरतो. आधी झिंगल्यासारखे होते, मग थोडे बरे वाटते, आणि एक-दोन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होतात. त्या मधल्या बरे वाटण्याला फसू नये.

माझ्या ओळखीच्या एका वस्तीवर गोठ्याजवळ गाडी धुतली आणि काढलेले हिरवे पाणी घमेल्यात तसेच राहिले. रात्री राखणीच्या कुत्र्याने ते चाटले. तिसऱ्या दिवशी कुत्रे गेले. त्या घरातली म्हातारी मला म्हणाली, "साहेब, वासरू बांधलेलं हुतं शेजारीच. आन नातू रांगतोय." त्यापुढे मला काही बोलता आले नाही.

म्हणून काढलेले कूलंट झाकणाच्या डब्यात भरून वर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहावे. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नये. विहीर, पाट, गटार, शेत यांत ओतू नये. टाकाऊ कूलंट घेणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्यावे. सांडले तर माती टाकून टिपावे आणि ती माती जनावरांपासून लांब न्यावी. मुलाने किंवा जनावराने प्यायल्याची शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न पाहता, बाटली बरोबर घेऊन, दवाखाना गाठावा. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांतच नीट लागू पडतो. वापरलेले घमेले पुन्हा गोठ्यात वापरू नये.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी दोन शब्द

मोटारसायकलची उरलेली बाटली ट्रॅक्टरमध्ये रिकामी करू नये. डिझेल इंजिनाच्या लायनरला बाहेरून पाणी लागते, आणि हादऱ्यांमुळे तिथे बारीक बुडबुडे फुटून लोखंडाला टोचे पडतात. ते रोखायला वेगळी औषधे लागतात. ट्रॅक्टरच्या पुस्तकात सांगितलेले कूलंटच घालावे. पाणी मात्र दोघांनाही डिस्टिल्डच.

शेवटी आठवणीची एक सोय सांगतो. खंडेनवमीला आपण सगळेच गाड्या धुऊन हार घालतो. त्या दिवशी कूलंटची पातळी आणि रंग पाहावा. पुस्तकात वेगळी मुदत नसेल, तर एक वर्षाआड त्याच सुमारास कूलंट बदलून टाकावे. त्यानंतर गळीत हंगाम सुरू होतो आणि उसाच्या गाड्यांमागे रखडण्याचे दिवस येतात. त्या आधी हे काम उरकलेले असले, की वाटेत वाफ सोडत उभे राहण्याची पाळी येत नाही.

गटात आलो की गाडीचे पुस्तक दाखवा, आपण मिळून वाचू. उसाचे तर बोलूच.



आपला,
ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग